कंपनीचा सिंह, टोपीचं पिस्तूल आणि आपली वर्गणी

मंडळी, पोस्ट मोठी आहे. तरी वेळ काढून वाचा, कारण यात तुमचे-माझे पैसे आहेत.

गेल्या पंधरवड्यापासून गावात एकच चर्चा चाललीय. आपल्या वाचनालयाच्या माडीवर जे छोटं संग्रहालय होणार आहे, त्याच्यासाठी एक जुनं पिस्तूल विकत घ्यायचं घाटतंय. वर्गणी सुरूही झाली. विकणारा बाहेरगावचा मध्यस्थ आहे. पिस्तूल आपल्याच भागातल्या एका पडक्या वाड्यातून निघालं, असं तो सांगतो. आणि सोबत गोष्ट अशी, की १८१८ साली पेशवाईच्या शेवटच्या लढायांत एका मराठा सरदाराच्या कमरेला हे पिस्तूल होतं. त्याने मागितलेल्या रकमेत वाचनालयाचं छप्पर नव्याने होईल, एवढंच सांगतो.

समितीतली माणसं सज्जन आहेत, त्यांच्या हेतूबद्दल मला तीळमात्र शंका नाही. पण त्या पिस्तुलाचे फोटो व्हॉट्सॲपवर फिरत फिरत माझ्याकडेही आले. मी ते मोठे करकरून पाहिले. जे दिसलं ते सगळ्यांसमोर मांडणं मला भाग आहे. वस्तू प्रत्यक्ष हातात घेतलेली नाही, फक्त फोटोंवरून बोलतोय, हे आधीच सांगून ठेवतो.

आधी थोडा इतिहास, कारण त्याशिवाय पुढचं कळणार नाही.

जुन्या बंदुकीचं वय ओळखायचं तर नळी, नक्षी, दस्ता हे सगळं नंतर. पहिल्यांदा बघायचं ते आग कशी लागते. सगळ्यात जुनी पद्धत तोड्याची. पेटता दोर रंजकेला लावायचा, रंजक पेटली की कानातून आग आत जाते आणि बार उडतो. आपल्याकडे ही पद्धत फार काळ टिकली, कारण ती स्वस्त होती आणि गावातला लोहारसुद्धा दुरुस्त करू शकायचा. दुसरी पद्धत चकमकीची. घोड्याच्या जबड्यात गारगोटी धरलेली, चाप ओढला की ती पोलादी पट्टीवर आपटते, ठिणगी पडते आणि खालच्या वाटीतली रंजक पेटते. सतराव्या शतकाच्या अखेरीपासून एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धापर्यंत युरोपातल्या फौजांनी याच चकमकीवर लढाया केल्या. खडकी, कोरेगाव, आष्टी, या १८१७-१८ च्या लढायांत इंग्रजांच्या पलटणींकडे होत्या त्या चकमकीच्या बंदुका. आपल्याकडच्या बाजूला चकमकही होती आणि तोडाही होता.

तिसरी पद्धत टोपीची. आपल्याकडे शेतकऱ्यांकडे पीकसंरक्षणासाठी ठासणीची बंदूक असते ना, तीच. नळीच्या मागे एक छोटी पोकळ बोंडी असते, तिच्यावर तांब्याची टोपी चढवायची, घोडा टोपीवर आपटला की आत दडवलेली स्फोटक पूड भडकते. गारगोटी नको, वाटी नको, उघडी रंजक नको, पावसाची भीती कमी.

या टोपीमागची मूळ कल्पना एका स्कॉटिश धर्मोपदेशकाची. अलेक्झांडर फॉरसिथ त्यांचं नाव. त्यांना पक्ष्यांच्या शिकारीचा नाद होता. चकमकीची ठिणगी आणि धूर बघून पक्षी आधीच उडून जातात, म्हणून वैतागून त्यांनी आपटल्यावर पेटणाऱ्या रसायनाचा प्रयोग केला. पेटंट मिळालं १८०७ मध्ये. (पाद्रीबुवांचा नाद आणि साऱ्या जगाच्या लढाया बदलल्या. असो.) पण पेटंट मिळालं म्हणजे दुसऱ्या दिवशी ते शिपायाच्या हातात आलं असं होत नाही. फॉरसिथच्या यंत्रात तांब्याची टोपी नव्हतीच, ती नंतर आली आणि रुळायला १८२० चं दशक उजाडलं. ब्रिटिश फौजेने ती सरसकट स्वीकारली ती १८३० च्या दशकाच्या शेवटी-शेवटी, आणि ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजांकडे ती १८४० च्या दशकात आली.

आता आपल्या पिस्तुलाकडे या. फोटोत घोड्यासमोर गारगोटीची वाटी नाही. बोंडी आहे. स्वच्छ दिसतेय. म्हणजे हे टोपीचं पिस्तूल आहे.

१८१८ साली असं लष्करी पिस्तूल आपल्या भागातल्या सरदाराकडे असणं शक्य नाही. बापू गोखले आष्टीला पडले २० फेब्रुवारी १८१८ ला. बाजीराव माल्कमच्या स्वाधीन झाले ३ जूनला. तोवर ही तऱ्हाच फौजेत आलेली नव्हती.

इथे मध्यस्थ एक पळवाट सांगू शकतो, आणि ती खोटी नाही, म्हणून मीच सांगून टाकतो. पुष्कळ चकमकीची पिस्तुलं पुढे टोपीची करून घेतली जात. वाटी काढायची, पट्टी आणि तिची स्प्रिंग काढायची, घोडा बदलायचा, बोंडी बसवायची. पैसे वाचत. पण असा बदल लपत नाही. काढलेल्या स्प्रिंगच्या आणि पट्टीच्या स्क्रूची भोकं लॉकच्या पट्टीवर राहतात. ती भरली तरी भिंगातून गोल डाग दिसतोच. वाटी जिथे होती तिथली कडा कापलेली कळते. आपल्या फोटोत लॉकची पट्टी सलग आहे. भोकांचा मागमूस मला तरी दिसला नाही. ज्यांच्या हातात वस्तू आहे त्यांनी दिवसाच्या उजेडात भिंग लावून पाहावं.

दुसरी गोष्ट शिक्क्याची. मला वाटतं, सगळा खजिना इथेच आहे आणि नेमकं त्याकडेच कुणी बघत नाही.

लॉकच्या पट्टीवर एक छोटा प्राणी कोरलेला दिसतो. मध्यस्थ त्याला "सरदाराच्या घराण्याचा सिंह" म्हणतो. मागच्या पायांवर उभा राहिलेला आणि पुढच्या पंजांत मुकुट धरलेला असा हा सिंह आहे. तो कुठल्याही घराण्याचा नाही. तो ईस्ट इंडिया कंपनीचा आहे. १८०८ च्या सुमारास कंपनीने आपल्या हत्यारांवर हा सिंह उमटवायला सुरुवात केली.

त्याआधी काय होतं? त्याआधी होतं बदामाचं चिन्ह. बदामाचे चार भाग पाडलेले, प्रत्येकात एकेक इंग्रजी अक्षर, व्ही, ई, आय, सी, आणि वर इंग्रजी चारच्या आकड्यासारखी खूण. यातला व्ही म्हणजे खरा यू, म्हणजे युनायटेड ईस्ट इंडिया कंपनी. हीच खूण कंपनी मालाच्या गठ्ठ्यांवरही मारायची. तुमच्यापैकी ज्यांना जुनी नाणी जमवायचा नाद आहे त्यांनी ही खूण पाहिलेली आहे, फक्त लक्षात आलं नसेल. मुंबई इलाख्यासाठी १७९१ आणि १७९४ साली विलायतेत पाडून आणलेले तांब्याचे पैसे आठवा. एका बाजूला तराजू, दुसऱ्या बाजूला तो बदाम. तोच बदाम बंदुकीवर.

म्हणजे ढोबळ हिशेब असा. बदाम असेल तर १८०८ च्या आसपासचं किंवा आधीचं. सिंह असेल तर त्यानंतरचं. आणि कंपनीचा कारभारच १८५८ साली राणीच्या सरकारकडे गेला, त्यामुळे सिंहाची मालिका तिथे संपते. अठराव्या शतकातल्या कंपनीच्या लॉकवर बहुधा कारागिराचं नाव आणि सालही सापडतं. टोपी आणि सिंह एकत्र असतील तर वय येतं साधारण १८४० ते १८५८. आपलं पिस्तूल खरं असेल तर ते या अठरा वर्षांतलं.

खरं असेल तर, हे शब्द मी मुद्दाम लिहिले. कारण सिंहही खोटा मारता येतो आणि बदामही. खैबर खिंडीच्या पट्ट्यात, दर्रा आदमखेलसारख्या गावांत, पिढ्यान्‌पिढ्या हाताने बंदुका बनवणारे कारागीर आहेत. त्यांच्या हाताला तोड नाही, पण इंग्रजी वाचता येत नसल्याने शिक्क्यांत गंमत होते. अक्षर उलटं पडतं, स्पेलिंग चुकतं, राजाचा शिक्का एका काळाचा आणि साल दुसऱ्याच काळाचं. २००१ नंतर अफगाणिस्तानात गेलेल्या अमेरिकन आणि ब्रिटिश सैनिकांनी बाजारातून अशी बदामाची पिस्तुलं आठवण म्हणून विकत नेली. त्यातली काही अस्सल निघाली आणि पुष्कळ नव्या मालाची निघाली. आपल्या देशातही शोभेची पिस्तुलं हस्तकलेच्या नावाने उघड विकली जातात. ते विकणारा काही गुन्हा करत नाही, तो नवं म्हणूनच विकतो. पुढे दोन हात बदलले, थोडा गंज चढवला, की ते "वाड्यातून" निघतं.

मग खरं-खोटं कळतं कशावरून? माझ्या परीने सांगतो. हे मी अनेक वर्षं शस्त्रसंग्राहकांशी बोलून आणि संग्रहालयांतल्या काचेला नाक लावून शिकलोय. त्यात भिंगाचा भाग मोठा आहे. शिक्का हत्यार घासून झिजतं तसाच झिजलेला हवा. भोवतालचं लोखंड खड्डे पडून खडबडीत आणि मधला शिक्का मात्र कोरा करकरीत, असं असेल तर शिक्का नंतर मारलाय. स्क्रूच्या खाचा बघा. दोनशे वर्षांत कुणी ना कुणी ते उघडलेले असतात, पण सगळेच्या सगळे एकाच मापाचे, यंत्रावर कापलेले असतील तर सावध व्हा. लाकूड लोखंडाला कसं बसलंय ते बघा. जुन्या कारागिराने लॉकसाठी लाकडात केलेली खोबण अशी असते की मध्ये नख जात नाही. नकली मालात फट असते, आणि ती लाखेने किंवा मेणाने भरलेली असते. आतल्या बाजूला जोडणीच्या खुणा असतात, दोन-तीन छिन्नीचे टोले, जुळणाऱ्या रेघा. लॉक, नळी आणि दस्ता एकाच हत्याराचे आहेत की तीन मेलेल्या पिस्तुलांचं एक केलंय, ते त्यावरून कळतं. शोभेच्या काही पिस्तुलांत तर बोंडीपासून नळीत जाणारं भोकच नसतं. आग जाणार कुठून?

प्रूफचे शिक्के हा आणखी एक साक्षीदार. नळी फुटत नाही ना हे तपासून विलायतेत तिच्यावर शिक्के मारत. बर्मिंगहॅमचं कायद्याने उभारलेलं प्रूफ हाऊस १८१३ सालचं. म्हणून त्याचा शिक्का असलेली नळी कुणी टिपू सुलतानाच्या काळातली म्हणून विकायला आणली, तर नमस्कार करून चहा पाजावा आणि परत पाठवावं. टिपू १७९९ मध्ये गेला.

एक सूचना अगदी गंभीरपणे. ठासणीचं जुनं हत्यार आतून भरलेलं असू शकतं. माळ्यावर ठेवताना शेवटचा बार काढायचा राहून गेला आणि तो तसाच शंभर-दीडशे वर्षं पडून आहे, असं होतं. काळी दारू कोरडी राहिली तर तशीच जिवंत राहते. नळीत लाकडी काठी आत टेकेपर्यंत घालायची, तोंडाशी खूण करायची, मग तीच काठी बाहेरून नळीला लावून पाहायची. खूण बोंडीच्या जागेपर्यंत पोचायला हवी. दोन-तीन बोटं कमी पडली तर आत काहीतरी आहे. तसं असेल तर घोडा उचलायचा नाही, तापवायचं नाही, घासायचं नाही. पोलिसांना सांगायचं.

आणि घासण्याचं निघालंच आहे म्हणून सांगतो. फोटोतल्या एका कडेला लोखंड चकाचक दिसतंय. कुणीतरी पॉलिश पेपर मारायला सुरुवात केलीय असा मला संशय आहे. कृपा करून थांबा. देवघरातल्या समईला जे चालतं ते इथे चालत नाही. तो काळपट थर हाच वयाचा पुरावा आहे आणि त्याच्याखाली शिक्के आहेत. एक दुपार घासलं की दीडशे वर्षांची ओळख पुसली जाते, आणि किंमतही.

आता तुम्ही म्हणाल, शिक्का-स्क्रूचं एवढं काय, पिस्तूल जुनं आहे ना, बस झालं. त्यावर एक खरी गोष्ट सांगतो. आपल्या व्यवसायातली, म्हणजे पत्रकारितेतली आहे म्हणून मला जास्त जवळची.

१७ डिसेंबर १९२८ ला लाहोरमध्ये साँडर्सवर गोळ्या झाडल्या गेल्या. पहिली गोळी आपल्या खेडच्या राजगुरूंची, त्यानंतर भगतसिंगांच्या. भगतसिंगांच्या हातात होतं कोल्ट कंपनीचं पॉइंट ३२ बोअरचं ऑटोमॅटिक पिस्तूल. तिघांना फाशी झाली २३ मार्च १९३१ ला. आणि पिस्तूल? ते कुठे गेलं, हे कितीतरी वर्षं कुणालाच सांगता येत नव्हतं. खटल्याच्या कागदांत मात्र त्याचा नंबर होता, १६८८९६. 'द ट्रिब्यून'च्या एका पत्रकाराने तो नंबर धरून शोध सुरू केला. पंजाबातल्या फिल्लौरच्या पोलीस प्रशिक्षण केंद्राच्या नोंदी निघाल्या. तिथून १९६० च्या दशकाच्या अखेरीस काही शस्त्रं इंदूरला सीमा सुरक्षा दलाच्या शस्त्र प्रशिक्षण केंद्रात गेली होती. इंदूरच्या संग्रहालयात इतर पिस्तुलांच्या रांगेत एक कोल्ट पडून होतं. गंजू नये म्हणून त्यावर रंगाचे थर दिलेले. २०१६ मध्ये रंग खरवडला, खाली नंबर निघाला. १६८८९६. आज ते पंजाबात हुसैनीवाला इथे आहे.

त्या मॉडेलची कोल्ट पिस्तुलं लाखोंच्या संख्येने बनली. दिसायला सगळी एकसारखी. इंदूरला वर्षानुवर्षं शेकडो जवान त्याच्यासमोरून गेले असतील, कुणाला काही वाटलं नसेल. ते पिस्तूल भगतसिंगांचं ठरलं ते सहा आकड्यांमुळे आणि एका कागदामुळे. कागद लाहोरचा, आकडे लोखंडावरचे, आणि दोघांचं जुळलं. कुणाच्या आजोबांनी सांगितलं म्हणून नव्हे.

बाजारातही हाच न्याय चालतो. २०२१ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत एक कोल्ट रिव्हॉल्व्हर ६० लाख डॉलर्सच्या वर गेलं. १८८१ साली बिली द किड या कुख्यात गुन्हेगाराला शेरीफ पॅट गॅरेटने ज्याने मारलं, ते हे. तसली रिव्हॉल्व्हरं अमेरिकेत संग्राहकांकडे ढीगभर आहेत आणि त्यांची किंमत याच्या पासंगालाही पुरत नाही. फरक कसला? गॅरेटकडून ते कुणाकडे गेलं, पुढे त्याच्या विधवेने ते परत मिळवायला कोर्टात कसा दावा लढला, ही साखळी कागदावर आहे. साखळीतली एक कडी तुटली असती तरी रक्कम कोसळली असती.

आपल्या मध्यस्थाकडे कागद किती? शून्य. "वाड्यातून निघालं" एवढंच. वाडा कोणता ते व्यवहार झाल्यावर सांगणार म्हणे.

इथे मात्र मी वाड्यांची थोडी बाजू घेतो. आपल्याकडच्या हत्यारांना कागद नसतात याचं खरंखुरं ऐतिहासिक कारण आहे. १८५७ नंतर इंग्रजांनी मुलूखच्या मुलूख निःशस्त्र केले. पुढे लॉर्ड लिटनच्या काळात १८७८ चा शस्त्र कायदा आला आणि हिंदी माणसाला परवान्याशिवाय हत्यार बाळगणं गुन्हा झाला. ज्या घरात ढाल-तलवार देवासारखी पुजली जायची, त्या घरात ती लपवायची वेळ आली. कुणी विहिरीत टाकली, कुणी भिंतीत चिणली, कुणी कडब्याखाली ठेवली. अशा वेळी कोण कागद करणार? कागद म्हणजे स्वतःच्याच विरुद्धचा पुरावा. त्यामुळे वाड्यातल्या हत्याराला कागद नाही एवढ्यावरून ते खोटं ठरत नाही. पण कागद नसताना सरदाराचं नाव आणि १८१८ हे साल चिकटवून त्याची किंमत दहापट करायची, याला माझा विरोध आहे.

मला विचाराल तर, हे पिस्तूल अस्सल निघालं तर त्याची खरी गोष्ट सांगितलेल्या गोष्टीपेक्षा जास्त रंगतदार असू शकते. हे घोडदळाचं पिस्तूल दिसतंय. वजन किलोच्या पुढे असेल. कमरेला नव्हे, खोगिराच्या पुढच्या पिशवीत ठेवायचं. नळीखालचा गज आकड्याने अडकवलेला आहे, धावत्या घोड्यावर तो हातातून पडू नये म्हणून. बोअर बहुधा १६-१७ मिलिमीटरचा निघेल, मोजून बघा. आता, १८४० ते ५८ मध्ये आपल्या मुलुखात काय काय झालं ते आठवा. १८४४ चा गडकऱ्यांचा उठाव, सामानगड आणि भुदरगड. ३१ जुलै १८५७ ला कोल्हापुरात सत्तावीसाव्या पलटणीचा उठाव. कंपनीच्या चाकरीत 'पूना इरेग्युलर हॉर्स'सारखी घोडदळं होती, आणि त्यांच्यात शिलेदारी पद्धत होती. म्हणजे स्वार आपला घोडा आणि आपलं हत्यार घेऊन चाकरीला यायचा. स्वार कोण? आपलेच लोक. पेशवाई बुडाल्यावर ज्यांच्या तलवारीला काम उरलं नाही, त्यांच्यातलेच काही पुढे कंपनीच्या घोड्यावर बसले.

म्हणजे हे पिस्तूल कंपनीविरुद्ध लढलेल्याचं नसून कंपनीसाठी लढलेल्याचं असू शकतं. किंवा उठावात कंपनीकडून हिसकावलेलं असू शकतं. दोन्ही शक्यता आहेत, आणि दोन्हींपैकी एकही मी खरी म्हणून सांगत नाही. पण यातलं नेमकं काय, हे शोधायला एक जागा आहे. फौजेत वाटलेल्या पिस्तुलांवर पुष्कळदा तुकडीचा आणि हत्याराचा नंबर ठोकलेला असतो, दस्त्याच्या टोकाच्या पितळी टोपणावर किंवा चापाच्या कड्यावर. फिरणाऱ्या सातही फोटोंत नेमका दस्त्याचा तळ कुठेच नाही.

या विषयावर डेव्हिड हार्डिंग यांचा ईस्ट इंडिया कंपनीच्या हत्यारांवरचा चार खंडांचा इंग्रजी ग्रंथ आहे, त्यात नमुन्यांचं बारीक वर्णन आहे. पुण्याचं केळकर संग्रहालय किंवा मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालय इथल्या जाणकारांना फोटो पाठवून मत विचारता येईल. मत मागायला फार तर पोस्टाचा खर्च.

शेवटी कायदा, कारण यात समितीच्या सदस्यांची मान अडकू शकते.

शस्त्र अधिनियम १९५९ च्या कलम ४५ मध्ये जुन्या हत्यारांना सूट आहे, पण ती कशाला? जे हत्यार कालबाह्य, पुरातन मोलाचं किंवा मोडकं आहे आणि दुरुस्त करूनसुद्धा उडवता येणार नाही, त्याला. टोपीचं चालू पिस्तूल आपोआप त्यात बसत नाही. ठासणीच्या बंदुकीला परवाना लागतो हे आपल्या शेतकऱ्यांना वेगळं सांगायला नको. २०२० च्या नियमदुरुस्तीने क्युरिओ गटातली हत्यारं नुसती जवळ ठेवायला नागरिकांना परवान्याची गरज उरली नाही, पण ती वापरायला, घेऊन फिरायला किंवा इकडून तिकडे न्यायला परवाना लागतोच. म्हणजे मध्यस्थाने ते गाडीच्या डिकीत घालून आपल्या गावात आणणं हाच प्रश्न आहे. आपलं पिस्तूल कोणत्या गटात येतं हे मी ठरवणार नाही, मध्यस्थ तर नाहीच नाही. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र परवाना शाखेकडून लेखी घ्या. तोंडी "चालतंय ओ साहेब" यावर जाऊ नका.

दुसरा कायदा १९७२ चा, पुरावस्तूंचा. शंभर वर्षांहून जुनी अशी वस्तू ही पुरावस्तू. तिचा व्यापार करायला परवाना लागतो आणि खासगी माणसाला ती देशाबाहेर नेता येत नाही. मध्यस्थ सारखा म्हणतोय, "तुम्ही नाही घेतलं तर लंडनचं गिऱ्हाईक तयार आहे." असं असेल तर तो उघडउघड गुन्हा करायला तयार आहे, आणि अशा माणसाला आपण वर्गणीचे पैसे देणार का? फ्रान्समध्ये २०२४ साली नेपोलियनची दोन पिस्तुलं लिलावात निघाली. तिथल्या सरकारने आधीच त्यांना राष्ट्रीय ठेवा जाहीर करून देशाबाहेर नेण्यावर बंदी घातली. तरीही ती सुमारे १७ लाख युरोंना गेली. बंदीमुळे खऱ्या वस्तूचं काही बिघडलं नाही.

समितीची बैठक येत्या सोमवारी संध्याकाळी वाचनालयात आहे. मी जाणार आहे. माझी मागणी एवढीच: मध्यस्थाचा पुरावस्तू व्यापाराचा परवाना बघावा, वाड्याचं आणि वारसांचं नाव आधी लेखी घ्यावं, शस्त्र शाखेचं पत्र यावं, आणि तोवर इसार म्हणून एक रुपयासुद्धा देऊ नये. यातून निभावलं आणि वस्तू अस्सल निघाली, तर 'ईस्ट इंडिया कंपनीचं घोडदळी पिस्तूल, सुमारे १८४०-५८' अशी पाटी लावून, त्या पाटीच्या भावाने ते घ्यायला माझी पहिली वर्गणी. पण १८१८ ची पाटी मी लावू देणार नाही. शाळेची पोरं ती वहीत उतरवून घेतील.

आणि कुणाकडे दस्त्याच्या तळाचा फोटो असेल तर खाली टाका. घासू नका, तसाच काढा.